सेझॉन देपोत्र: बेल्जियमच्या शेतावरची गव्हाळ बिअर

बिअर ‘हलकी’ आहे असं म्हणताना आपण तीन गोष्टी एकाच शब्दात कोंबतो: रंग फिका, अल्कोहोल कमी किंवा अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, पातळ. ब्रासरी द ब्लोजी या ब्रुअरीची सेझॉन देपोत्र रंगानं फिकी आहे आणि अंगानं सडपातळ आहे, पण अल्कोहोल ६ टक्के आहे. घोट इतका सहज उतरतो की हे लक्षात राहत नाही, म्हणून हिशेब आधीच सांगून टाकतो. ७५० मिलीच्या बाटलीत ४५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलीचे साडेतीन पेग. आपल्याकडच्या ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत ते साडेबत्तीस मिली असतं. ही बाटली दोघांत किंवा तिघांत उघडायची आहे.

ब्लोजी हे गाव बेल्जियमच्या एनो प्रांतात, मॉन्स शहराच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या सीमेला जवळजवळ चिकटून आहे. ब्रुअरी १९८८ मध्ये सुरू झाली आणि आजही कुटुंबाचीच आहे. सेझॉन ही याच प्रांतातली शेतावरची बिअर. थंडीत शेतात काम कमी, हवा गार आणि जंतूंचा त्रास कमी, तेव्हा ती बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना पाजायची, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. या शैलीचा मानदंड मानली जाणारी सेझॉन द्युपों त्याच प्रांतातल्या तूर्प गावची. द्युपों बार्लीवर उभी आहे. ब्लोजीच्या बाटलीत बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, ‘एपोत्र’ असतो. एपोत्र म्हणजे स्पेल्ट, गव्हाचा जुना भाऊबंद.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. स्पेल्ट म्हणजे आपली खपली नव्हे. दोन्हींचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, नुसत्या मळणीनं सुटत नाही, म्हणून दोघांची गल्लत होते. पण खपली ही एमर जातीची, २८ गुणसूत्रांची. स्पेल्ट ४२ गुणसूत्रांचा, म्हणजे पोळीच्या गव्हाच्या जास्त जवळचा. ‘जुनं धान्य आहे, चालेल’ असा समज करून घेऊ नका. स्पेल्टमध्ये ग्लूटेन आहे, बार्लीतही त्याच घराण्यातली प्रथिनं आहेत. सिलिअकचा, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा, त्रास असलेल्यांनी या बिअरपासून लांबच राहावं.

आता पेल्यातली गोष्ट. रंग पिकत आलेल्या ओंबीसारखा, किंचित नारिंगी झाक असलेला, आणि बिअर गढूळ. हा गढूळपणा दोष नाही. काही भाग गव्हाच्या प्रथिनांचा आहे, काही बाटलीतल्या यीस्टचा. फेस पांढरा, दाट आणि हट्टी. नीट ओतला तर तीन बोटं चढतो आणि प्रत्येक घोटामागे काचेवर जाळी सोडत जातो. गव्हाचं पहिलं काम हेच. त्याची प्रथिनं बुडबुड्यांच्या भिंती धरून ठेवतात.

वासात आधी लिंबाची साल आणि वाळलेलं गवत येतं, मागून पांढरी मिरी. पेला जरा कोमट झाला की नुकत्या मळलेल्या कणकेचा, आंबत ठेवलेल्या पिठाचा वास वर येतो. तोंडात पहिला क्षण धान्याच्या गोडव्याचा, आणि दुसऱ्या क्षणी तो गोडवा नाहीसा होतो. मधे बारीक बुडबुड्यांची चुरचुर, किंचित आंबट कड, आणि शेवटी कोरडेपणा. जिभेच्या मागच्या बाजूला मिऱ्याची तिखट झाक आणि बेताचा कडवटपणा उरतो. द्युपोंशी तुलना केली तर द्युपों जास्त धारदार आणि हॉप्सनं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांनी, जास्त कडू. ब्लोजीची बाटली मऊ, जास्त धान्याची, जास्त मातीची. रेखीवपणा हवा असेल तर द्युपों घ्या. धान्याची चव ओळखू येईल अशी बिअर हवी असेल तर ही, आणि आमचं मत हिच्या बाजूनं आहे.

मिरी कुठून आली? मसाला घातलेला नाही, ब्लोजीच्या बिअरमध्ये तो नसतो. ही करामत यीस्टची. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, आणि बेल्जियन यीस्ट त्यातून लवंग-मिऱ्याकडे झुकणारा वास तयार करतं. सेझॉनची यीस्ट लागरच्या, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या बिअरच्या, यीस्टला सोसणार नाही अशा उष्णतेत, ३० अंशांच्या आसपासही, आंबवण्याचं काम करतात. त्या उष्णतेतून फळांचा वास येतो.

हलकेपणाचं मूळही यीस्टमध्येच आहे. साधं यीस्ट माल्टमधल्या साखरेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग खातं आणि लांब साखळीच्या साखरा तशाच सोडतं. त्यांनीच बिअरला अंग येतं. सेझॉनच्या अनेक यीस्टकडे त्या साखळ्या तोडणारं एन्झाइम असतं. त्यामुळे ती नव्वद टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून पुढे जातात. मागे उरतो तो कोरडा, सडसडीत द्रव. म्हणजे इथला हलकेपणा पाणी वाढवून आलेला नाही, गोडवा संपवून आलेला आहे. कमी अल्कोहोलच्या ‘लाइट’ बिअरमध्ये जो पोकळपणा जाणवतो तो इथे का नाही, याचं उत्तर हेच.

ह्युगार्डनची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ह्युगार्डन ही विटबिअर. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ह्युगार्डन गावात बंद पडलेली ती शैली पुन्हा उभी केली. त्यात न मोड आणलेला गहू, धने आणि संत्र्याची साल असते. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात पुण्यात डूलालीनं २००९ मध्ये केली, आणि तेव्हापासून इथल्या नळांवर ‘बेल्जियन’ म्हणून बहुतेक विटच मिळते. ती गोडसर, मऊ, धन्याच्या वासाची. सेझॉनमध्ये तसा धन्याचा वास शोधू नका. तिसरी बहीण बव्हेरियन वाइसबिअर. तिच्यात केळं आणि लवंग असते. ओळखायची साधी खूण सांगायची तर केळं आलं की जर्मनी, धने-संत्रं आलं की विट, मिरी आणि कोरडेपणा आला की सेझॉन.

आता बाटली हाताळण्याबद्दल, कारण या बिअरचं नुकसान बहुधा ब्रुअरीत होत नाही, ते नंतर होतं. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, म्हणून आत दाब भरपूर असतो. साध्या लागरमध्ये विरघळलेला वायू बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट असतो, सेझॉनमध्ये तिपटीपर्यंत किंवा त्याहून जास्त. शॅम्पेनसारखं बूच आणि वर तारेचा पिंजरा त्यासाठीच. कोमट किंवा हलवलेली बाटली उघडली तर पाव बाटली टेबलावर जाते आणि तळाचा गाळ उसळून सगळी बिअर चिखलट होते. उघडण्याआधी पूर्ण एक दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवा, दारात नको. तिथे प्रत्येक उघडझापीला ती हलते. तार सोडताना सुरुवातीपासून अंगठा बुचावर हवा. मग बूच धरून बाटली फिरवा, बूच फिरवू नका. ते वर सरकायला लागलं की उलट दाबत, फुस्स आवाजात सोडा.

फ्रीजमधलं ४ अंश तापमान या बिअरला मारतं. त्यात लिंबू थोडं लागतं, बाकी नुसता गारवा. बाहेर काढून पुण्या-मुंबईच्या हवेत पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे ती ८ अंशांच्या आसपास येते. पेल्यात १२ पर्यंत चढते आणि तोवर कणकेचा वास उघडतो. बर्फात गारठवलेले पेले इथे चालत नाहीत. ते बिअर पुन्हा गोठवतात आणि काचेवरच्या दंवानं भलताच फेस काढतात. पेला ट्यूलिपच्या आकाराचा असला तर उत्तम, नाहीतर वाईनचा मोठा पेला पुरतो. अर्धाच भरा, वरची जागा फेसाला आणि वासाला लागते. आधी थंड पाण्यानं विसळून घ्या. भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलकट बोटांचा अंश राहिला तर फेस मिनिटभरात बसतो, आणि दोष बिअरला दिला जातो.

पेला ४५ अंशांत तिरपा धरून सुरुवात करा आणि निम्म्यावर सरळ करा. सगळे पेले एका दमात ओता. मधेच बाटली उभी केली की गाळ हलतो. शेवटचे ५०-६० मिली बाटलीत राहू द्या आणि ते वेगळ्या छोट्या पेल्यात चाखून बघा. त्यात यीस्ट जास्त असतं, चव पावासारखी आणि जरा कडसर. आवडलं तर पुढच्या बाटलीत मिसळा. नाजूक पोटाला त्यानं गॅस होतो, हेही खरं.

खरेदी करताना तारीख बघा आणि बाटली कुठे ठेवली होती ते बघा. उघड्या फळीवर ट्यूबलाइटखाली किंवा उन्हाच्या काचेत ठेवलेली हिरवी बाटली घेऊ नका. प्रकाशानं हॉप्समधला कडू घटक फुटतो आणि गंधकाचा, उग्र, जनावरासारखा वास येतो. हिरवी काच तो प्रकाश अडवत नाही, तपकिरी बरीच अडवते. कडक उन्हात हे काही मिनिटांत घडतं. उष्णतेचं नुकसान हळू होतं आणि ते उघडेपर्यंत कळत नाही: ओल्या पुठ्ठ्याची चव, फळाचा वास गेलेला, रंग जरा काळपट. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात बाटली कपाटात ठेवली तर हेच होतं. १२-१५ अंशांत, अंधारात, उभी ठेवली तर ती वर्षभर चांगली राहते.

छोट्या ब्रुअरीचा माल असल्यानं दोन बाटल्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. एकीत लिंबू जास्त, दुसरीत माती जास्त, एवढा फरक चालतो. दह्यासारखी आंबट किंवा लोण्यासारखी तेलकट चव आली तर मात्र बाटली बिघडलेली आहे. युरोपातून येताना विमानात ती चेक-इन सामानातच टाकावी लागते. भारतात शुल्काविना आणायची मर्यादा २ लिटरची आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळा आणि घरी आल्यावर दोन-तीन दिवस उभी ठेवून गाळ बसू द्या. दुसऱ्या जागेसाठी त्याच ब्रुअरीची दार्बिस्त विचारात घ्या; गहू आणि अंजिराच्या रसाची असूनही ती कोरडीच आहे.

जेवणात हिचं काम तळलेलं आणि खारट कापण्याचं. रवा लावून तळलेले बोंबील, अळूवडी, कोळंबी, बकरीच्या दुधाचं ताजं चीज यांच्याशी छान जमतं, कारण बुडबुडे आणि कोरडेपणा तोंडातलं तेल धुऊन नेतात. तांबड्या रश्शाबरोबर घेऊ नका. वायू आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. गोडाबरोबर तर ती नुसती कडू लागते.

बाटली संपली नाही तर दुसऱ्या दिवशी पिण्यात अर्थ नाही, फेस गेलेला असतो. ती स्वयंपाकात वापरा. बेल्जियममध्ये शिंपले बिअरमध्ये वाफवतात, आपल्याकडच्या तिसऱ्या या छोट्या शिंपल्यांना तीच रीत लागू पडते. अर्धा किलो तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून रेती काढा. लोण्यावर चिरलेला कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या मऊ करा, १५० मिली बिअर घाला, उकळी आली की तिसऱ्या टाकून घट्ट झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत त्या उघडतात. न उघडलेल्या फेकून द्या. मीठ घालू नका, त्यांचं पाणीच खारं असतं. आणि रस आटवत बसू नका. आटला की हॉप्सचा कडवटपणा दाटतो. पातळच ठेवा, पाव बुडवून खायला तो तसाच हवा.