सोसायटीच्या झुरळांचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट: काम चांगलं, पण मागे लागावं लागतं

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. पेस्ट कंट्रोलवाल्यांचं नाव लिहीत नाही कारण मालक आमच्याच सोसायटीतल्या एकांचे नातलग निघाले आणि जिन्यात रोज एकमेकांची तोंडं बघायचीयत. पण काम कसं करतात ते सांगते, कारण डोंबिवलीत अशा बिल्डिंगी ढिगाने आहेत, वर फ्लॅट, खाली गाळे, गाळ्यात एक पोळीभाजी केंद्र आणि एक किराणावाला.

आधी जो तो आपापलं करायचा. कोणी लाल हिट मारतंय, कोणी खडूने रेघा ओढतंय, कोणी दिवाळीच्या आधी माणूस बोलावून फवारणी करून घेतंय. त्याने होतं काय तर तुमच्याकडची झुरळं पाइपांच्या डक्टमधून शेजारी, आणि शेजारच्यांनी मारलं की परत तुमच्याकडे मुक्कामाला. शेवटी कमिटीने अख्ख्या बिल्डिंगचं एकत्र दिलं, फ्लॅटमागे वर्षाला ९०० रुपये, गाळ्यांना जास्त.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे आलेला मुलगा आल्या आल्या औषध मारत सुटला नाही, आधी टॉर्च घेऊन सगळं बघितलं. आमच्या ओट्याखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून मागच्या फटीत टॉर्च मारला तर तिथे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, ती म्हणे झुरळांची घाण, आणि त्याच्या आड बारकी बारकी पिल्लं चिकटून बसलेली. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी तसंच, वॉटर प्युरिफायरच्या मागे पण तसंच, जिथे ऊब आणि ओल तिथे ही हजर. ही छोटी, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टेवाली जर्मन झुरळं, ही घरातच वाढतात आणि खोक्यांतून गोण्यांतून आत येतात. ती मोठी लालसर अमेरिकन, ती गटाराच्या चेंबरमध्ये असतात आणि नहाणीतून वर येतात. दोघांना एकच फवारा मारणारा कोणी आला तर दारातूनच परत पाठवा.

घरात फक्त जेल लावलं, फिप्रोनिल ०.०५ टक्केवालं, बिजागरीत आणि फटीत बारीक ठिपके. वास नाही, अख्खं किचन रिकामं करा म्हणून डोक्याला ताप नाही. जेल खाल्लेलं झुरळ जागच्या जागी मरत नाही, आपल्या फटीत जाऊन मरतं, मग बाकीचे त्याची घाण खातात, त्यालाही खातात आणि तेही जातात. किळसवाणं आहे पण औषधाची सगळी मजा त्यातच आहे. फक्त तिथे वरून हिट किंवा फिनेल मारायचं नाही, मग ते जेलला तोंड लावत नाहीत. आमच्या वरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी कामवाल्या मावशींकडून सगळे ठिपके स्वच्छ पुसून घेतले आणि मग ग्रुपवर मेसेज, औषध डुप्लिकेट आहे!

आता स्टार का कापले. मादी अंड्यांची पुडी पोटाच्या टोकाला घेऊन फिरते, एका पुडीत ३०-४० पिल्लं, आणि त्या दिवसांत ती खातेही कमी, म्हणजे पहिल्या जेलमधून वाचायचा चान्स भरपूर. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतोच लागतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलंही आहे, पण स्वतःहून कोणी फिरकलं नाही. सेक्रेटरींनी फोन केला की साहेब मुलगा गावी गेलाय, परत केला की साहेब माल संपलाय. आले तेव्हा काम नीट केलं हे मात्र खरं.

दुसरं म्हणजे चेंबरमध्ये भरदुपारी फवारणी केली, तीही तळमजल्याच्या मागच्या फ्लॅटवाल्यांना न सांगता. औषध लागल्यावर ती मोठी झुरळं बाहेर पळतात हे यांना माहीत नाही का? मोरीतून एकेक वर यायला लागलं, जोशी आजी झाडू घेऊन खुर्चीवर. आधी सांगितलं असतं तर नहाणीवर जाळी आणि ओलं फडकं टाकता आलं असतं की.

दुसऱ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट यांनीच शोधून काढला हे कौतुकाचं. मालक दुबईला, नहाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली वाट अडवून साचून राहणारं, पाणी आटलेलं, म्हणजे खालच्या पाइपातून सरळ मोकळा रस्ता. आता चावी शेजाऱ्यांकडे आहे, ते अधूनमधून जाऊन बादलीभर पाणी ओतून येतात, फुकटात काम झालं.

खरा फरक पडला तो पोळीभाजीवाल्या दादांमुळे. आधी तयारच नव्हते, गिऱ्हाईक बघेल म्हणून. पण खाण्याच्या धंद्याला एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात पेस्ट कंट्रोल आहेच, इन्स्पेक्शनला रेकॉर्ड दाखवायला हे कामी येईल म्हटल्यावर ऐकलं. रात्री शटर पाडल्यावर काम केलं, ओट्याखालची भिजकी खोकी आणि कांद्याच्या गोण्या काढून प्लास्टिकचे क्रेट ठेवायला लावले. त्यानंतर पहिल्या मजल्यावर एकदम आराम पडला. किराणावाला अजून आज उद्या करतोय.

घेणार असाल तर इन्सेक्टिसाइड ॲक्टखालचा परवाना बघायला मागा आणि औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या, यांनी दोन्ही कुरकुर न करता दिलं. रिन्यूअलला १००० मागतायत. आम्ही म्हटलं देऊ, पण दुसऱ्या डोसची तारीख आणि चेंबरच्या आधी नोटीस, दोन्ही कागदावर लिहून द्या. मालक म्हणाले बघतो. अजून बघतायत.