ऐझॉलचे ‘बुहफाई थाम’: मूठभर तांदळावर चालणारे मिशनकार्य

मिझोरामची राजधानी ऐझॉल येथील एका प्रेस्बिटेरियन मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या, मिशन-साहाय्याच्या व्यवस्थेबद्दलचा हा अभिप्राय मी पाहुणा आणि लहानसा देणगीदार या दोन्ही नात्यांनी लिहीत आहे. आठ दिवस मी तेथील एका कुटुंबाकडे उतरलो होतो. मिझो लोक जिला ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, म्हणतात ती प्रथा मी त्यांच्या स्वयंपाकघरातच प्रथम पाहिली.

घरच्या आजी रांधण्यासाठी मापून घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून शेजारच्या डब्यात टाकत आणि मगच उरलेले तांदूळ धूत. पाहुणा आला म्हणून किंवा महिनाअखेर आहे म्हणून ती मूठ एकदाही चुकली नाही. ठरलेल्या दिवशी महिला मंडळाच्या दोघीजणी पोते घेऊन आल्या, डबा रिकामा करून पुढच्या घरी गेल्या. हे तांदूळ विकून येणारी रक्कम मिशनकार्याला जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ही रीत आजही घरोघर पाळली जाते, आणि तिचे मोठेपण मला यात वाटते की डब्यात पडल्यावर कोणाची मूठ कोणती हे ओळखू येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हे पाहून गहिवरून आले.

१८९४ च्या जानेवारीत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी या डोंगरांत पोहोचले. १८९७ मध्ये वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले. दूरदेशीच्या मंडळ्यांनी पदरमोड करून ज्यांच्याकडे सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणारे प्रचारक, पाठविले, तेच लोक आज स्वतःच्या ताटातले काढून मिझोरामबाहेर सुवार्तिक पाठवितात आणि जवळच्या कामालाही हात देतात. आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्याही अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने उभ्या राहिल्या, पण आमच्याकडे हंगामाच्या सणाला वर्षातून एकदा अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि देण्याची आठवण बहुधा तेवढ्यावर थांबते. याची मला मनापासून खंत आहे.

व्यवहार चोख आहे. मी दिलेल्या रकमेची पावती त्याच दिवशी मिळाली आणि जमाखर्च उपासनेत वाचून दाखविला गेला. उणीव मात्र एक आहे, आणि ती किरकोळ नाही. सुवार्तिकांची जी पत्रे मंडळीपुढे वाचली गेली, ती शेजारी बसलेल्या तरुणाने मला हलक्या आवाजात समजावून सांगितली. त्यांत बाप्तिस्मे, सभा आणि नव्या इमारती होत्या, पण ज्या गावांत हे काम चालते तेथील स्थानिक सहकाऱ्यांचे म्हणणे एकाही पत्रात नव्हते. साहाय्य घेणाऱ्यालाही ‘हे नको, ते हवे’ असे सांगण्याची मोकळीक असली पाहिजे. आमच्या पूर्वजांना ती पुष्कळदा नव्हती, म्हणून हे आग्रहाने लिहितो. शिवाय माझी देणगी कोणत्या कामाला लागली, हे सहा महिने उलटले तरी कळलेले नाही.

पाचपैकी चार गुण देतो. जाणाऱ्यांनी इनर लाइन परमिट (मिझोराममध्ये प्रवेशासाठी लागणारा परवाना) आधी काढावे आणि रविवारी दुकाने बंद असतात हे ध्यानात ठेवावे. मंडळीच्या सचिवांना मी वरील दोन्ही गोष्टींबद्दल पत्र पाठविले आहे. उत्तर आले की ते येथे जोडीन.