ओढ्याच्या पाण्यासाठी घेतलेला डीओ मीटर: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

डीओ मीटर म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र. मीटर चांगला आहे, टोपी लुटारू आहे. खरं तर एवढंच लिहून सोडून दिलं असतं. पण सर्व्हिस सेंटरने ‘मेम्ब्रेन कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही’ असं ऐकवून दोन टोप्या आणि औषधाच्या बाटलीएवढ्या इलेक्ट्रोलाइटचा जो दर लावला, त्यात ओढ्यासाठी जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग येऊन वर रिक्षाभाडं उरतं. म्हणून सविस्तर.

मॉडेल नेहमीचंच, हातात मावणारं, गॅल्व्हानिक प्रोबचं (पाण्यात बुडवायची दांडी, जी प्राणवायूवर स्वतःच वीज तयार करते). बाकी माहिती खोक्यावर आहेच.

टोपी म्हणजे प्रोबच्या टोकाचं झाकण आणि त्यावर ताणलेला पातळ पडदा, म्हणजेच मेम्ब्रेन. बदलताना ती इलेक्ट्रोलाइटने, म्हणजे आतल्या द्रवाने, दोन तृतीयांश भरायची, टिचकी मारून बुडबुडे वर काढायचे आणि प्रोब उभा धरून फिरवत बसवायची. जादा द्रव बाहेर सांडलाच पाहिजे. पडद्यामागे मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी आकडा स्थिर होत नाही. पडदा बोटाने पुसायचा नाही. सोलापूरच्या उन्हात आतला द्रव भराभर आटतो, त्यामुळे प्रोबच्या झाकणातला स्पंज ओला ठेवा आणि एप्रिलमध्ये मीटर स्कूटरच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

पडदा शाबूत आहे का, ते घरच्या घरी कळतं. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवा आणि प्रोब बुडवा. दोन-तीन मिनिटांत आकडा शून्याजवळ आला नाही, तर पडदा फाटलाय किंवा आतला धातू काळवंडलाय. शहराच्या खालच्या अंगाला, जिथे उन्हाळ्यात पाणी म्हणजे मुख्यतः सांडपाणीच, तिथल्या काळ्या गाळाला सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. तो पडद्यातून आत शिरून इलेक्ट्रोड खराब करतो. प्रोब गाळात टेकवायचा नाही, वर आल्या आल्या साध्या पाण्याने धुवायचा. हे माहितीपत्रकात एका ओळीत उरकलंय. बॅटरी कशी घालायची याला मात्र अख्खं पान!

दुसरी खोच उंचीची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, हवेचा दाब सुमारे ५ टक्के कमी. ३० अंशाला संपृक्त (मावेल तेवढा प्राणवायू विरघळलेल्या) पाण्यात समुद्रकाठी ७.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू, इथे ७.२ च्या आसपास. मेनूत उंची भरली नाही, तर कॅलिब्रेशन करूनही प्रत्येक आकडा वाढीव येतो. शिवाय प्रोब स्वतःच प्राणवायू खातो, म्हणून थांबलेल्या पाण्यात प्रोब सेकंदाला फूटभर हलवत राहा, नाहीतर आकडा उगाच घसरतो.

पहिल्या काही महिन्यांत मत पक्कं होतं की ओढ्याची तब्येत बघायला मीटर ही चैन आहे, जाळी पुरे. अर्धा मिलिमीटर छिद्राची जाळी तोंड प्रवाहाकडे करून धरायची, वरच्या बाजूला पायाने तळ तीन मिनिटं ढवळायचा, दगड उलटून हाताने चोळायचे, सगळं ट्रेत ओतायचं. मग सापडलेले किडे ओळखायचे. प्रत्येक कुळाला ते प्रदूषण किती सोसतं त्यावरून गुण असतात, जितकं नाजूक तितके जास्त. समजा बेटिडी कुळातल्या मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या (४ गुण), जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या (५), कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या (२) आणि गाळातले बारीक गांडुळवर्गी किडे (१) मिळाले. बेरीज १२, कुळं चार, सरासरी ३. म्हणजे पाण्यावर ताण आहे. फक्त लाल अळ्या आणि गांडुळवर्गी उरले तर निकाल स्पष्टच. हे गुण मूळचे ब्रिटनचे. आपल्या नद्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बेतलेली पद्धत आहे, तीच वापरावी. ब्रिटनच्या यादीत भाव खाणाऱ्या स्टोनफ्लाय या पाणकिड्याला थंड पाणी लागतं. ती इथे दिसली नाही म्हणून ओढा मेला असं लिहू नये.

पाऊस सरल्यावर मत बदलावं लागलं. प्रवाह तुटून डोह उरले की पाय मारून ढवळण्याची पद्धत लटकी पडते, आणि शेवाळाने हिरवा झालेला डोह दुपारी तीन वाजता १० मिलिग्रॅम दाखवून पहाटे २ मिलिग्रॅमवर उतरू शकतो, कारण शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री खातं. मासे मरतात ते पहाटे. दुपारच्या एका आकड्यावर ‘पाणी उत्तम’ म्हणणारे अहवाल रद्दीत घाला. मोजायचं सूर्योदयाआधी आणि पुन्हा दुपारी. फरक जितका मोठा तितकं पाणी खतावलेलं. हे काम मीटरनेच होतं. रसायनं घालून प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत अचूक आहे, ३०० मिलीची बाटली आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट, पण अंधारात ओढ्याकाठी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड कोण ओतणार? महिन्यातून एकदा मीटर पडताळायला ती ठीक. पण पाणी कापड रंगवण्याच्या सांडपाण्याने रंगलेलं असेल तर मोजणी संपल्याची खूण असलेला स्टार्चचा निळा रंग कधी गेला तेच कळत नाही.

सोबत फुकट मिळालेला टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मोजणारा) मुलांना खेळायला द्या. बेसाल्टच्या मुलखात विहिरीचं गोडं पाणीसुद्धा मोठा आकडा दाखवतं.

नवीन घेणाऱ्याने मीटरच्या आधी टोपीचा आणि इलेक्ट्रोलाइटचा दर विचारावा, लेखी घ्यावा. बजेट असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणारा, प्रोब घ्या. द्रव नाही, हलवायची कटकट नाही, पण त्याचीही टोपी ठरावीक काळाने बदलावीच लागते आणि ती आणखी महाग. पाचपैकी तीन तारे. टोपीचा दर निम्मा झाला तर चार.