प्रोजेक्टर दुरुस्तीच्या नावाखाली १०,६५० रुपयांना गंडा; शाळांनो, सावध राहा

आधी आकडे सांगतो, म्हणजे "किरकोळच असेल" असं कुणी म्हणायला नको. तपासणी ६५०, नवीन लॅम्प ५,२००, 'कूलिंग बोर्ड'साठी आगाऊ ४,८००. एकूण १०,६५० रुपये, सगळे लोकवर्गणीतले. आमची जिल्हा परिषदेची शाळा बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यात. निम्मे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून त्यांनी शाळेला दिलेले पैसे होते हे.

प्रोजेक्टर फळ्याच्या वर भिंतीला ठोकलेला, डोक्यावर पत्रे. मार्चच्या उन्हात थोडा वेळ चालला की तापमानाचा लाल दिवा लुकलुकायचा अन् पडदा काळा. नेटवर 'अधिकृत सर्व्हिस सेंटर' शोधलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कंपनीचं नाव आपणच सांगायचं, की तिकडून लगेच "हो सर, त्याच कंपनीचं सेंटर".

माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग, तोंडात साखर. तापलेलं यंत्र बटणानं बंद केल्यावर आतला पंखा फिरत राहतो, तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नसतो. यानं थेट प्लग ओढला आणि हाताला रुमाल गुंडाळून लॅम्प बाहेर घेतला. तेव्हाच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं! लॅम्प गार होऊ न देता हात घालणारा मिस्त्री कसला? शिवाय बाजूचं फिल्टरचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा नाही. तापण्याची तक्रार, आणि हवा आत जाते ती जाळी बघायची नाही? हे आठवलं की अजून डोकं भणभणतं. पण मी एकटा शिक्षक, समोर दोन वर्ग, त्यात खिचडीची वेळ. तिथं उभं राहून त्याच्या हातांवर पहारा कोण ठेवणार?

"सर, लॅम्प गेलाय, बोर्डही गरम होतोय. बोर्ड पुण्याहून मागवावा लागेल." पैसे युपीआयवर, तेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. बोर्ड काही आला नाही, फोन बंद.

नंतर लातूरच्या एका पोरानं यंत्र उघडलं. जाळीवर खडूच्या भुकटीचा जाड थर. ती साफ केली, यंत्र पत्र्यापासून हातभर खाली घेतलं. ३०० रुपये घेतले. आता तासभर चालतं. पण चित्र अंधुक, कारण 'नवीन' लॅम्पची काच आतून काळवंडलेली निघाली. आमचा चांगला लॅम्प त्या आधीच्या माणसानं नेला, कुठला तरी भंगारातला बसवला आणि मेनूत जाऊन लॅम्पचे तास शून्य केले. मेनूतला शून्य म्हणजे नवा लॅम्प, असं धरू नका. तो आकडा कुणालाही पुसता येतो. जुना लॅम्प आपल्याच ताब्यात ठेवा.

आता साहेबलोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच राजीखुशीनं पैसे दिले, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली, पण तोवर खातं रिकामं. हा नंबर पहिल्या तासात लावला तर उपयोग, आमच्यासारखं बोर्डाची वाट बघत बसलात तर नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, २०१९ च्या कायद्यानं आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं खरं. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहायचा कुठून? पावतीवरच्या पत्त्यावर रसवंती आहे! बँकेत गेलो तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस तर पत्र देईनात.

कळस आमच्याच खात्यानं केला. मदत राहिली बाजूला, लेखी खुलासा मागितला: तीन दरपत्रके का मागवली नाहीत? अहो, बंद पडलेल्या एका यंत्रासाठी या डोंगरात तीन दुकानदार आणू कुठून? चोर मोकळा, अन् कागद मी भरतोय.

सर्व्हिस सेंटरचा नंबर खोक्यावरून किंवा माहितीपुस्तकातूनच घ्या, नेटच्या यादीतून नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि बोलावण्याआधी जाळी काढून झटका, त्याला मिस्त्री लागत नाही.

परवा दुसऱ्याच्या फोनवरून त्या 'सेंटर'चा नंबर पुन्हा लावला. लागला. "बोला सर, कोणत्या कंपनीचा आहे?"