फीडरचे तळझाकण उघडत नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात परसातल्या, पक्ष्यांना दाणे घालायच्या फीडरवर एक चिमणी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसून राहिली होती. मी अगदी दोन हातांवर गेलो तरी ती उडाली नाही. तिला सर्वांत आधी पाहिले ते माझ्या सात वर्षांच्या मुलीने, आणि "हिला थंडी वाजते का?" असे तिने विचारले. अंधार पडताना ती चिमणी झुडपात शिरली आणि ती आजारी असावी या शंकेने मी फीडर उतरवला.

फीडर नेहमीचाच आहे: पारदर्शक नळी, चार छिद्रे, चार दांड्या. त्यामुळे बाकीचे वर्णन न करता मी केवळ तळाविषयी लिहितो. वरचे झाकण फिरवून निघते, पण तळाचे झाकण नळीला कायमचे चिकटवलेले आहे आणि पाणी निथळण्यासाठी त्याला एकही भोक नाही. सर्वांत खालचे छिद्र तळापासून तीन बोटे वर असल्यामुळे तेवढ्या जाडीचा दाण्यांचा थर पक्ष्यांच्या चोचीला कधी लागतच नाही. वरून कितीही ताजे दाणे घातले तरी तो जुना थर तसाच राहतो, छिद्रांतून आलेल्या पावसाने भिजतो आणि त्याला बुरशी धरते. विक्रेत्याला मी छायाचित्रांसह तीन वेळा कळवले. दोनदा "वरून ब्रशने साफ करा" एवढेच उत्तर आले आणि तिसऱ्यांदा, वस्तू तुटलेली नसल्यामुळे बदलून मिळणार नाही, असे सांगण्यात आले. लांब दांड्याचा ब्रश मी वेगळा विकत घेतला, पण तळाच्या कडेच्या खाचेत तो पोहोचत नाही. एक वस्तू स्वच्छ ठेवण्यासाठी दुसरी विकत घ्यावी लागावी, हा खर्च मला अजिबात पटलेला नाही.

सुरुवातीला माझी तक्रार वेगळीच होती, आणि ती चुकीची होती हे मान्य केले पाहिजे. पहिले तीन आठवडे एकही पक्षी फिरकला नाही, तेव्हा मी फीडरलाच दोष दिला. वास्तविक तो मी उघड्यावर टांगला होता. चिमण्या आधी आडोशाला बसून अंदाज घेतात, म्हणून मी तो दाट झुडपापासून तीन मीटरवर आणला. मांजराला झुडपातून थेट झडप घालता येऊ नये, इतके हे अंतर आहे. खिडकीच्या काचेपासून मात्र तो अर्ध्याच मीटरवर ठेवला, कारण इतक्या जवळून उडालेल्या पक्ष्याला काचेपर्यंत घातक वेग घेता येत नाही. पाचव्या दिवशी पहिली चिमणी आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुर्बिणीची गरज उरली नाही.

मुले रोज पंधरा मिनिटे मोजणी करतात. आरंभी मुलगी प्रत्येक फेरी वेगळी धरून चाळीस चिमण्या लिहीत असे. ब्रिटनमध्ये 1979 पासून होणाऱ्या 'बिग गार्डन बर्डवॉच' या गणनेत एका वेळी एकत्र दिसलेली सर्वाधिक संख्याच नोंदवतात. तो नियम लावताच चाळिसाच्या सात झाल्या. ती खट्टू झाली, पण त्यानंतर गळ्याखाली काळा डाग असलेला नर कोणता आणि मादी कोणती, हे ती न चुकता सांगू लागली. पुढे तिने वहीत प्रत्येक दांडीसाठी वेगळा रकाना आखला. ती वही मी गेल्या आठवड्यात नीट वाचली. खालच्या दोन दांड्यांचे रकाने पाचव्या महिन्यापासून जवळजवळ रिकामे आहेत. खालच्या दाण्यांत बिघाड झाल्याची खूण मुलीच्या अक्षरात तीन महिने माझ्यासमोर होती, आणि मी केवळ एकूण आकडा पाहून तिला शाबासकी देत होतो.

हे मी किरकोळ समजत नाही. कुजके दाणे आणि विष्ठा एकत्र आली की साल्मोनेलासारखे जिवाणू पसरतात. ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस हा परजीवीमुळे होणारा रोग ग्रीनफिंच या दाणे खाणाऱ्या लहान हिरवट पक्ष्यांत दिसू लागला आणि त्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. फीडरवरची गर्दी हे त्या प्रसाराचे एक कारण मानले जाते.

म्हणून मी तळ करवतीने कापून काढला आणि तिथे स्क्रूने निघणारी बारीक जाळी बसवली. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात नळी दहा मिनिटे बुडवून, भरपूर पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवली. फीडर दोन आठवडे बंद राहील. दाण्यांकडे कधीही न फिरकलेले बुलबुल ज्या कुंडीखालच्या उथळ थाळीत रोज आंघोळीला येत, तीही तोवर उपडी ठेवली आहे. तीन-चार सेंटिमीटर पाणी आणि मध्ये एक खडबडीत दगड, एवढ्यावर त्या थाळीने मुलांना फीडरइतकाच आनंद दिला, तोही कोणताही खर्च न होता.

हाच फीडर घेणार असाल तर आधी तो उलटा करून तळ फिरवून पाहा. तो निघत नसेल तर घेऊ नका. आमचा पुन्हा टांगल्यावर त्यात एका दिवसात संपतील इतकेच दाणे घालायचे, आणि खालच्या दांड्यांचे रकाने दर रविवारी बाबांनी स्वतः तपासायचे, असे मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.