डिस्कवर २ टीबी छापले होते, आत ६४ जीबी होते

ज्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मी घरातले सोळा वर्षांचे फोटो आणि चित्रफिती विश्वासाने ठेवल्या, ती हार्ड डिस्क नव्हतीच. हे मला ती घेतल्यानंतर नऊ महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये कळले, आणि तोवर मूळ फायली जिथे होत्या तो लॅपटॉप आमच्या घरातून गेलेला होता. हे लिहिताना लाज वाटते. सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात ३१ वर्षे काढलेल्या माणसाने असे फसावे, याचा संताप तर त्याहून अधिक आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दसऱ्याच्या सवलतीत एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावर २ टीबीची, म्हणजे सुमारे दोन हजार जीबीची, डिस्क २,१९९ रुपयांना दिसली. पोहोच शुल्क ४० रुपये धरून एकूण २,२३९ रुपये गेले. तेवढ्याच क्षमतेची डिस्क आमच्या इथल्या दुकानात सहा हजारांच्या आसपास होती. किंमत पाहूनच समजायला हवे होते, असे आता सगळे सांगतात. परंतु सणाच्या दिवसांत निम्म्या किमतीच्या जाहिराती चहूकडे असतात, त्या डिस्कखाली चार हजारांहून अधिक खरेदीदारांनी चांगले शेरे दिलेले होते, आणि विक्रेत्याच्या नावापुढे संकेतस्थळानेच विश्वासार्हतेची खूण लावलेली होती. त्या शेऱ्यांचा अर्थ मला उशिरा कळला. डिस्क हातात पडली की लोक दोन-चार दिवसांत शेरा देतात, आणि तेवढ्यात कोणी ती भरत नाही. पहिले ५०-६० जीबी अशा डिस्कवर अगदी व्यवस्थित राहतात, त्यामुळे शेरा देणारे खोटे बोलत नव्हते. त्यांच्यापैकी कोणी शेवटपर्यंत गेलेच नव्हते.

पाकीट उघडले तेव्हा पत्नीने डिस्क तळहातावर घेतली आणि म्हणाली, "अहो, हे आतून रिकामे आहे की काय? साबणाच्या वडीपेक्षा हलके लागते आहे." मी तिला सांगितले की हल्लीची यंत्रे हलकीच येतात. हे उत्तर मी कोणत्या आधारावर दिले, हे मला आजही सांगता येणार नाही. खऱ्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि मोटार असते, त्यामुळे छोट्या डिस्कचे वजनही शंभर ग्रॅमच्या वर जाते, आणि ती चालू असताना तिच्यावर हात ठेवला तर बारीक थरथर जाणवते. माझी डिस्क रात्रभर चालली आणि तिने एवढासाही आवाज केला नाही. मला ते चांगल्या दर्जाचे लक्षण वाटले.

त्या रात्रीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेले नाही. बँकेतल्या सवयीप्रमाणे मी डिस्कवर आधी २००८ ते २०२३ अशी सोळा फोल्डरे तयार केली आणि मग एकेका वर्षाच्या फायली त्यांत उतरवायला सुरुवात केली. एकूण ४१२ जीबी होते. पडद्यावर वेग दिसत होता सेकंदाला नऊ ते दहा एमबी. यूएसबी ३ या वेगवान जोडणीची खरी डिस्क मोठ्या फायलींना सहज शंभर एमबीच्या पुढे जाते, आणि डिस्कच्या खोक्यावर यूएसबी ३ हेच छापलेले होते. रात्री नऊला सुरू केलेले काम सकाळी दहाच्या सुमारास संपले. मी दोनदा उठून पाहिले, दोनदा तो आकडा वाचला, आणि दोन्ही वेळा लॅपटॉप जुना झाला आहे असे म्हणून पुन्हा झोपलो. कोणाच्याही डिस्कवर असा आकडा दिसला तर काम तिथेच थांबवा.

सकाळी मी तपासणी केली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पोलीस ठाण्यात मला बेफिकीर ठरवण्यात आले. एकूण जागा किती, वापरलेली किती, हे पाहिले. ४१२ जीबी वापरल्याचे दिसत होते. सगळ्या फोल्डरांत फायलींची नावे होती, आकार होते, तारखा होत्या. २००८ आणि २००९ मधले दहा-बारा फोटो उघडले, ते स्वच्छ उघडले. इथेच माझी चूक झाली. जो आकडा मी वाचत होतो तो डिस्कच्या चिपने स्वतः सांगितलेला होता. खातेदाराने आपली शिल्लक तोंडी सांगावी आणि रोखपालाने नोटा न मोजता ती वहीत मांडावी, असाच तो प्रकार होता. बँकेत ताळा जुळल्याशिवाय मी एकही रात्र घरी गेलो नाही, आणि इथे मी सर्वांत आधी उतरवलेली दोन वर्षे पाहून ताळा जुळला असे धरले. शेवटचे फोल्डर उघडले असते तर त्याच सकाळी सगळे उघडकीस आले असते.

डिसेंबरमध्ये तो लॅपटॉप पुसून अदलाबदलीत दिला. त्याचे ३,२०० रुपये आले. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. मी पहिली प्रत पुसली आणि उरलेल्या एकमेव प्रतीलाच बॅकअप म्हणत राहिलो.

जुलै २०२४ मध्ये वडिलांच्या तिसऱ्या पुण्यतिथीला त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची चित्रफीत सर्वांना दाखवायची होती. ती २०१७ ची. त्यात वडील अकरा मिनिटे बोलले होते, गावच्या शाळेबद्दल आणि आईबद्दल. फाईलचे नाव होते, आकार बरोबर होता, आणि आत काहीच नव्हते. २०११ पर्यंतचे सगळे उघडत होते. त्यापुढच्या एकाही वर्षाचे काही उघडले नाही.

मी डिस्क दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. तपासणीचे १,५०० रुपये आधी घेतले आणि चार दिवसांनी सांगितले की डिस्कचे हेड, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणारा भाग, गेले आहे, माहिती परत काढायला १८,००० रुपये लागतील. पैशांची जुळवाजुळव करण्यापूर्वी पुतण्याला दाखवले. तो म्हणाला, "काका, ह्याला एक स्क्रूसुद्धा नाही, आधी आपण उघडून बघू." आवरण नखाने निघाले. आत बोटभर रुंदीची हिरवी पट्टी होती, तिच्यावर मोबाइलमध्ये घालतात तसले ६४ जीबीचे मेमरी कार्ड बसवलेले होते, आणि कोपऱ्यात वजनासाठी लोखंडी नट गरम गोंदाने चिकटवलेला होता. तबकडी नव्हती, हेड नव्हते. ज्या दुकानाने हेड गेल्याचे सांगितले त्याने ते आवरण उघडलेलेच नव्हते. म्हणून सांगतो, दुरुस्तीवाल्याने काय पाहिले हे लेखी मागा, जमल्यास फोटोसह. मात्र डिस्क खरी असेल आणि टकटक आवाज करत असेल, तर ती घरी उघडू नका आणि पुन्हा पुन्हा जोडूनही पाहू नका. धुळीचा कणही तबकडीचे नुकसान करतो.

पुतण्याने समजावले ते असे: चिपमध्ये फेरफार करून संगणकाला २ टीबी सांगितले जाते. खरी जागा भरली की पुढे येणारी माहिती ती चिप टाकून देते, काही डिस्कांत तर जुन्याच माहितीवर लिहिते, आणि संगणकाला मात्र लिहून झाल्याचे कळवत राहते. याचा अर्थ माझी माहिती खराब झालेली नव्हती. ती कधी लिहिलीच गेली नव्हती. १८,००० रुपये देऊनही काही मिळाले नसते.

यानंतरचे तीन महिने तक्रारीत गेले. संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेने चार वेळा सांगितले की परताव्याची मुदत दहा दिवसांची होती. नऊ महिन्यांनी उघड होणारी लबाडी दहा दिवसांत कशी परत करायची, या प्रश्नाला चारही वेळा "आम्ही आपल्या भावना समजतो" एवढेच उत्तर आले. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मला पहिले उत्तर ४१ व्या दिवशी आले, आणि त्यात विक्रेत्याशी संपर्क साधा असे लिहिलेले होते. विक्रेत्याचे पान काढून टाकलेले होते. त्याच डिस्कचे तेच छायाचित्र दुसऱ्या नावाने १,९९९ रुपयांना त्याच संकेतस्थळावर विक्रीस होते. मी ते दाखवले, तरी ते हटले नाही.

पोलीस ठाण्यात तर मला तीन वेळा परत पाठवले. पहिल्या वेळी सांगितले की तुम्ही पैसे दिले, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली. दुसऱ्या वेळी सांगितले की नवीन कायदा आला आहे, कोणते कलम लावायचे ते पाहावे लागेल. नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि माझी खरेदी ऑक्टोबर २०२३ ची, म्हणजे तिला जुनाच कायदा लागतो, हे मी पावतीसह दाखवले. तिसऱ्या वेळी टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "दोन हजारांसाठी एवढे कशाला फिरताय?" मी दोन हजारांसाठी फिरत नव्हतो. अशा हजारो डिस्का रोज घरोघर जात असतील, आणि प्रत्येकाला हेच विचारले जात असेल, तर विकणाऱ्याला भीती कशाची?

अखेर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, मार्च २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. ती निघून जाऊ देऊ नका. पावती, खोके, पाकिटावरचा पत्ता काहीही फेकू नका. मी तो नटसुद्धा पिशवीत घालून फायलीला लावला आहे.

नवी डिस्क आणली की त्यावर काहीही ठेवण्याआधी ती एकदा पूर्ण भरून परत वाचून पाहा. विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा विनामूल्य प्रोग्राम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३ आहे. मोठ्या डिस्कला एक दिवसही लागेल, लागू द्या. खरी, नामांकित डिस्कसुद्धा एक ना एक दिवस बंद पडतेच, त्यामुळे दोन डिस्का आणि त्यांतील एक दुसऱ्या घरात, यापेक्षा कमी काही ठेवू नका.

माझ्या हातून एकूण ३,७३९ रुपये गेले. वडिलांच्या भाषणातला ४० सेकंदांचा तुकडा बहिणीच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडला. त्यात ते शाळेच्या विहिरीबद्दल बोलत आहेत. तो आता दोन डिस्कांवर आहे आणि दोन्हीवरून शेवटपर्यंत ऐकलेला आहे.