मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा: फरक भारी दाखवतो, पण आकडा तपासून घ्या

मोबाईलच्या टाइप-सी पोर्टला लावायचा २५६ बाय १९२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा सध्या रोज वापरतोय, मुख्यतः सर्किट बोर्डवर नक्की कुठला पार्ट तापतोय ते शोधायला. वस्तू मला आवडलीये, आधीच सांगतो. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात "४० मिलिकेल्विन" छापलेलं असतं ना (मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा हजारावा भाग), ते वाचून लोकांना वाटतं की हा अंशाच्या पंचविसाव्या भागापर्यंत अचूक तापमान सांगणार. तसं अजिबात नाहीये.

आतला सेन्सर म्हणजे मायक्रोबोलोमीटर, पडलेल्या उष्णतेने स्वतः तापून ती मोजणारा. प्रत्येक पिक्सेल हा व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर दिलेला एक चिमुकला पूल, १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चिपच्या वर बारीक पायांवर अधांतरी, आणि भोवती व्हॅक्यूम, म्हणजे आलेली उष्णता हवेतून पळून जाऊ नये. वस्तूंमधून निघणारं, डोळ्यांना न दिसणारं ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचं इन्फ्रारेड त्यावर पडलं की पूल किंचित तापतो, त्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण २ टक्के बदलतो आणि खालचं सर्किट तो बदल वाचतं. आता समोरची वस्तू एक अंशाने तापली तर पूल त्याच्या अगदी बारीक हिश्श्यानेच तापतो, मग मोबाईलच्या गरमीने कॅमेऱ्याची बॉडीच तापली तर आकडे किती सरकतील विचार करा! म्हणून तर मधूनमधून टक् आवाज येऊन चित्र क्षणभर थांबतं. सेन्सरसमोर शटर येतं, सगळ्या पिक्सेलना एकसारखं तापमान दिसतं आणि त्यांच्या आपसातल्या तफावती वजा केल्या जातात. हा फॉल्ट समजून कॅमेरा परत करू नका. लावल्या लावल्या टकटक जास्त असते, बॉडी स्थिरावली की कमी होते, रीडिंग तेव्हाच घ्यायचं.

तर ते ४० मिलिकेल्विन म्हणजे नॉइज, समोर काही बदललं नाही तरी रीडिंग आपोआप हलतं ते. कॅमेरा एकसारख्या तापमानाच्या ब्लॅकबॉडीसमोर (प्रतिबिंब न दाखवणाऱ्या काळ्या पृष्ठभागासमोर) ठेवतात, प्रत्येक पिक्सेलचं रीडिंग दर फ्रेमला किती हलतं ते बघतात आणि तेवढा फरक यायला समोरचं तापमान किती बदलावं लागेल ते काढतात. यात हा कॅमेरा खरंच दमदार आहे, भिंतीला तळहात लावून उचलला की बोटं न् बोटं भिंतीवर उमटलेली दिसतात आणि हळूहळू विरतात. पण चित्रात जागच्या जागी राहणाऱ्या उभ्या रेघा या आकड्यात धरलेल्याच नसतात, त्या बघायच्या तर कॅमेरा एकसारख्या मॅट पृष्ठभागावर धरा आणि शटर पडून थोडा वेळ गेल्यावर बघा. माझ्याकडच्या पीसमध्ये डाव्या कडेला पुसट रेघा येतात, कामात अडत नाही.

अचूकतेचा आकडा वेगळा, तो आत पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो: अधिक-उणे २ अंश. घरी तपासायचं तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात नीट ढवळून वरून बघा, शून्य दिसायला पाहिजे. माझा अंश-दीड अंश वर दाखवतो, म्हणजे दिलेल्या हद्दीत आहे.

चकचकीत धातूवर मात्र रीडिंग घेऊच नका. स्टीलच्या भांड्यात गरम पाणी भरून बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, टेपवर बरोबर तापमान येतं आणि शेजारच्या उघड्या स्टीलवर कितीतरी कमी, कारण तिथे भांड्याचं नाही तर आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब मोजलं जातंय. बोर्डवरच्या धातूच्या टोपणाच्या कपॅसिटरचंही हेच, टेपचा ठिपका लावा आणि मग बघा.

अंतराचंही बघा. ५६ अंशांच्या कोनात बघणारी लेन्स आहे, म्हणजे एक मीटरवर एक पिक्सेल जवळजवळ ४ मिलिमीटर जागा बघतो, आणि भरवशाचं रीडिंग हवं तर वस्तूवर निदान तीन बाय तीन पिक्सेल पडायला हवेत. लांबून छोटा रेझिस्टर बघितला तर शेजारचा थंड बोर्ड त्यात मिसळतो आणि तापमान कमीच दिसतं. बोर्डचं काम असेल तर जवळून बघायची जोडलेन्स घ्याच, त्याशिवाय फोकस लागत नाही.

माझी खरी तक्रार ॲपबद्दल आहे. फोटो सेव्ह केला की फक्त रंगीत चित्र उरतं, प्रत्येक पिक्सेलचं तापमान गायब, नंतर बसून दुसऱ्या बिंदूचं रीडिंग काढायचं म्हटलं तर काहीच हातात नाही. सेन्सर एवढा चांगला टाकलाय तर त्याचा कच्चा डेटा फाईलमध्ये द्यायला काय हरकत आहे? बोर्ड रिपेअर, सैल झालेले वायरिंगचे जोड किंवा भिंतीतली ओल शोधणं यासाठी घेणार असाल तर बिनधास्त घ्या, ताप मोजायला मात्र घेऊ नका.